सहा फुटांवर अडलेल्या चषकाची हकीकत

दुचाकी मंडळाचे समस्त सभासद, आजी व माजी, पडलेले व न पडलेले, यांस मंडळाचा वहीलेखक लिहितो की, यंदाच्या शर्यतीत जे घडले त्याच्या चार ठिकाणी चार कहाण्या चालू जाहल्या आहेत, आणि त्यातील तीन तर जे त्या दिवशी मैदानात हजरच नव्हते त्यांनी रचिल्या आहेत. सबब मोडक्या पायाच्या खुर्चीवर सकाळपासून जागा न सोडता ज्याने सर्व काही डोळ्यांनी पाहिले, त्यानेच खरे काय ते कलमबंद करावे, हे उचित जाणोन हा मजकूर लिहिला असे. वाचणाराने मध्येच हसू नये. हसावयाचेच असेल तर हिंमत करून अखेरपर्यंत थांबावे.

मंडळाचे अध्यक्ष टायरवाले, खासे रणधुरंधर, चिखलाच्या फेऱ्यांत ज्यांची पाठ सर्वांनी पाहिली आणि तोंड कोणी पाहिले नाही, त्यांचे घरी वर्षानुवर्षे एकोणीस चषक जमा जाहले, आणि मग ते ठेवावयास जागा उरेना, म्हणोन एकात दाढीचे सामान राहिले, दोन दारे अडवावयास तैनात जाहले, आणि एकाने त्यांचे कुटुंब पीठ मोजू लागले. खजिनदार औषधवाले यांचे घरीही अकरा. तेव्हा उभयतांनी दुकानाच्या शटराआड मसलत केली की, पितळ पुष्कळ जाहले, यंदापासून जिंकणारास रोख पाकीट द्यावे आणि चषक कायमचे बंद करावे. फर्मान सुटले. ज्यांचे घरी चषक होते ते सारे खूष जाहले, आणि असे सारेच होते, एक सोडून.

तो एक म्हणजे गॅसचे सिलेंडर घरोघर पोचवणारे स्वार, मंडळात चौथेराव या किताबाने मशहूर. बारा वर्षे ते प्रत्येक शर्यतीत उतरले, बारा वर्षे चौथे आले, आणि चषक पहिल्या तिघांसच. त्यांणी भर सभेत उभे राहोन अर्ज गुजारला की, "मला एकदा तरी मिळू द्या हो, मग करा बंद." यावर सभा अशी काही हसली की खजिनदारांचा चहा माझ्या वहीवर सांडला. अध्यक्षांनी डोळे पुसत जाब दिला, "अरे चौथेराव, तुला ना चषक मिळणार ना पाकीट, मग तू कशाला मध्ये तडमडतोस?" चौथेराव खाली बसले. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि चहा टिपण्याचे निमित्त करोन मान खाली घातली, हे येथे कबूल करितो.

त्यांचे कुटुंबही रोखपक्षातीलच होते. बाई घरी कपडे शिवीत, आणि मशीनला मोटर बसवावी हा त्यांचा फार दिवसांचा मनसुबा होता, तेव्हा पाकिटाची वार्ता ऐकोन त्यांणी नवऱ्यास बजाविले की, जिंकलात तर पैसेच घरी आणा. येणेप्रमाणे चौथेरावांच्या पक्षात चौथेराव एकटेच राहिले.

पुढे शर्यतीस आठ दिवस उरले असता मैदानावर पाण्याचे मोठे नळ येऊन पडले, कोणाचे, कशासाठी, कोणास ठाव नाही, आणि जी जागा उरली ती अवघी पन्नास फूट. तीत वेगाची शर्यत घ्यावी तर स्वार थेट नळात शिरावे. मग अध्यक्षांनी तोड काढिली की यंदा हळू शर्यत घ्यावी. जो सर्वांचे शेवटी रेषा ओलांडील तो पहिला, जो पाय टेकील तो बाद, आणि अखेरचा स्वार रेषा ओलांडीपर्यंत शर्यत पुरी धरू नये. नियम लिहिण्याची कामगिरी मजकडे आली. मी बारा वर्षांचे वेगाचे नियम समोर ठेवून त्यावरून नकलले, आणि वेगाच्या शर्यतीत वेळेची मर्यादा कोण घालतो, म्हणोन ती येथेही घातली नाही. या एका चुकीने पुढील सर्व अनर्थ जाहला. तरी मजकडे एवढे रोखून पाहावयाचे कारण नाही, खाली सह्या सर्वांच्या आहेत.

शर्यतीचे दिवशी सात स्वार रेषेवर दाखल जाहले. शिटी झाली आणि सातही गाड्या गुरगुरत मुंगीच्या चालीने निघाल्या. खजिनदारांचा फोन वाजला आणि त्यांणी सवयीने पाय टेकून तो घेतला, बाद. दोघे एकमेकांवर कलले, बाद. दोघांच्या गाड्या बंद पडोन पाय टेकले, बाद. अध्यक्षांनी मोठी शर्थ केली, घाम गाळिला, दातओठ खाल्ले, परंतु आयुष्यभर पुढे जाण्याची सवय, ती सुटते कोठली! त्यांची गाडी रेषा ओलांडून गेली. मागे वळोन पाहतात तो चौथेराव अजून सहा फूट अलीकडे, पाय वर, मान ताठ, गाडी जागच्या जागी धरोन उभे.

याचे कारण असे की, बारा वर्षे दोन्ही अंगांस भरले सिलेंडर लटकावून ते अरुंद बोळांतून हिंडत, आणि पुढे कोणाची हातगाडी आडवी आली की पाय टेकण्याची सोय नसे. टेकला की भार एका अंगावर जाऊन स्वार सिलेंडराखाली. म्हणोन पाय न टेकता तोल धरून वाट पाहावयाची ही विद्या त्यांस रोजच्या पोटापाण्याने शिकविली होती. मंडळात ती कोणास ठाऊक नव्हती, कारण कोणी विचारिलेच नव्हते.

आता सहा फूट जावे, पाकीट घ्यावे, आणि सर्वांनी जेवावयास बसावे, एवढेच बाकी होते. खजिनदार पाकीट घेऊन रेषेवर उभेही राहिले. परंतु चौथेराव पुढे येईनात. त्यांणी तेथूनच कळविले, "चषक आणा, मग येतो."

मंडळाच्या तोंडचे पाणी पळाले. अखेरचा स्वार आल्याशिवाय शर्यत पुरी नाही, आणि शर्यत पुरी जाहल्याशिवाय जेवण नाही, ऐसा अध्यक्षांचाच हुकूम. नियमांची वही मागविली, उलटी सुलटी पाहिली, वेळेची मर्यादा कोठे निघाली नाही, आणि मग सर्वांनी मजकडे पाहिले. मी खुर्चीचा मोडका पाय सावरीत आकाशाकडे पाहिले. मग खजिनदार वकिलीस गेले आणि पाकिटात आणखी भर घालू म्हणाले. चौथेराव हलले नाहीत. मग प्रशस्तिपत्र देऊ, वर प्लास्टिक चढवून देऊ, असा खलिता गेला. तोही परत आला. दर मिनिटास गाडी बोटभर पुढे सरके आणि जेवणारे भाताच्या पातेल्याकडे पाहत.

शेवटी अध्यक्षांनी चौथेरावांच्या कुटुंबास पुढे घातले. बाई पदर खोचून तरातरा चालून गेल्या.

"अहो, काय चाललंय काय हे? मोटर येईल की त्या पैशांत!"

"येईल ना," चौथेराव चाकावरची नजर न काढता म्हणाले, "पण मोटर बघून कोण म्हणणार, हा जिंकला होता?"

"कोणाला दाखवायचंय तुम्हाला?"

"कोणाला नाही. मलाच. बारा वर्षं मी या मैदानातून हात हलवत घरी येतो गं. तू विचारत नाहीस, काय झालं म्हणून. ते जास्त लागतं."

इतक्यात मागून अध्यक्षांनी हसत आरोळी दिली, "वहिनी, ओढा त्याला पुढे, भात गार होतोय! चौथेरावाला काय करायचंय पितळ?"

तेव्हा बाई वळल्या, आणि त्यांची ती मुद्रा पाहोन अध्यक्षांचे हसू अर्ध्यात राहिले. बाईंनी हातातली पिशवी खाली ठेविली आणि नेमक्या रेषेवर, गाडीच्या चाकासमोर, मांडी घालून बसल्या. "माझं मशीन पायावर चालतंय, चालेल अजून," त्या म्हणाल्या. "चषक आणा. तोवर मीही उठत नाही." येणेप्रमाणे रोखपक्षाचा बुरूज ढासळला.

चषक तर केलाच नव्हता. अध्यक्ष स्वतः घरी दौडत गेले, आणि त्यांच्या कुटुंबाने हाताशी होता तो, पिठाचाच, पुढे केला. तो घेऊन ते परतले तेव्हा त्यांच्या मिशा पांढऱ्या जाहल्या होत्या. चौथेरावांनी तिरप्या नजरेने चषक पाहिला. "यावर तुमचं नाव आहे," एवढेच बोलले. त्यांचे पाय आता लटलट कापत होते आणि पेट्रोल संपत आल्याने इंजिन आचके देत होते. अध्यक्षांनी एकवार चषकाकडे पाहिले, एकवार त्या पायांकडे, आणि मग खिशातून पंक्चरच्या ट्यूबवर मारावयाची कानस काढिली. जमिनीवर बसोन, गुडघ्यांत चषक दाबोन, त्यांणी आपल्या हाताने आपले नाव खरवडोन काढिले. मग खिळा घेतला, टोक पितळेवर ठेविले आणि थांबले.

नाव काय घालावे? अध्यक्षांनी खजिनदारांकडे पाहिले, खजिनदारांनी मजकडे. मी वही चाळिली. बारा वर्षांच्या पानांवर, माझ्याच वळणदार अक्षरात, चौथेराव, चौथेराव, चौथेराव. सबंध मंडळात त्या माणसाचे नाव कोणास ठाऊक नव्हते. मला माझी लाज वाटली. अध्यक्ष मान वर न करता, बारा वर्षांचे अरेतुरे सोडून, विचारते जाहले, "तुमचं नाव काय हो?"

चौथेरावांनी सांगितले, परंतु इतक्या हळू की दोनदा विचारावे लागले. तिसऱ्या वेळी बाईंनी मोठ्याने सांगितले, आडनावासकट, आणि अध्यक्षांनी खिळ्याने ते कोरिले. मग बाई रेषेवरून उठल्या. नेमके तेव्हाच इंजिन बंद पडले. चौथेरावांनी अंग पुढे झोकिले, मागे घेतले, पुन्हा झोकिले, आणि गाडी कुरकुरत, पाय न टेकता, रेषा ओलांडून पडली, स्वारासह. पाकीट मंडळाच्या गंगाजळीत परत गेले, आणि तीतून दर साली चषकच करावा, ऐसा तह ठरला.

शर्यत एक तास अकरा मिनिटे चालली, अंतर पन्नास फूट, जखमी एक, भात गार. सर्व मोहीम फत्ते पावली, तिचा निकाल पूर्ण नावानिशी लिहून दुसरे दिवशी टायरच्या दुकानाबाहेर लाविला. संध्याकाळपर्यंत, शर्यतीस हजर नसलेल्या सभासदांचे सात तक्रारअर्ज आले की, आपले चौथेराव एवढे झुंजले आणि चषक मात्र हा कोण बाहेरचा घेऊन गेला? त्या सातही अर्जांस मी स्वहस्ते उत्तरे लिहिली, आणि प्रत्येक उत्तरात ते नाव पुन्हा पूर्ण लिहिले.