तात्यांची सावड

पुण्याहून जमीन बघायला गाडी आली की बाकीचे एजंट आधी गिऱ्हाइकाचं बजेट विचारतात. आमचे बबनतात्या विचारतात, "कंबर धड हाय का?"

गिऱ्हाईक दचकतं. मग तात्या खुलासा करतात, "जागा पसंत पडली तर घ्या, पन भातलावणीला येक दिस यायचं. कबूल?" लोक हसत हसत कबूल म्हणतात. मीही म्हणालो होतो. वेल्ह्याच्या शाळेवर बदली झाली, तात्यांच्या शेजारी खोली घेतली आणि वर्षभरात त्यांनी मला पाच गुंठ्यांचा मालक करून टाकलं.

तात्या पुण्यात कधी मुक्कामाला राहिले नाहीत, पण चार बोटं नाचवत सांगतात, "पुणं म्हंजी चार पायांचं जनावर. मोटारींचं कारखानं, काम्पुटरवालं, कालेजं आन दवाखानं. येक पाय लंगडला तरी तीन शाबूत. मानसं येतच ऱ्हानार. ती ऱ्हानार कुठं? सरकत सरकत हितंच!" एका इंजिनियरने हे मोबाईलवर टिपून घेतलेलं मी पाहिलं आहे.

असं करत तात्यांच्या भातखाचराभोवतीची सगळी जमीन गेली. विकणारी घरं पुण्याला गेली. घेणारे तारेचं कुंपण घालून गेले, ते गेलेच.

पूर्वी लावणीला सावड असायची. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचं, उद्या तुझ्या. मजुरीचं नाव नाही. तात्यांच्या लेखी जमीन घेणारा म्हणजे नवा शेजारी, आणि शेजारी म्हटला की सावडीला आलाच. मला या भाबडेपणाचं हसू यायचं. आता लाज वाटते.

यंदा लावणीच्या रविवारी तात्यांनी सगळ्यांना फोन केले. तात्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पंधरा माणसांच्या भाकरी थापल्या. रोपं उपटून मुठी बांधावर ठेवल्या होत्या, आणि उपटलेलं रोप फार थांबत नाही. रस्त्यावर गाडी वाजली की तात्या उठून उभे राहत. गाडी तोरण्याकडे निघून जाई. दहा वाजेपर्यंत मी हे खिडकीतून बघितलं. मग पँट दुमडून चिखलात उतरलो.

आम्ही तिघंच. माझ्या ओळी वाकड्या जात होत्या, काकू मागून मुकाट्याने सरळ करत होत्या. दिवस कलला तरी निम्मं खाचर राहिलंच.

पाय धुताना तात्या म्हणाले, "सर, तुमी आलात. लई बरं वाटलं. आता आमी दोघं तुमच्यात कवा येऊ?"

माझ्या पाच गुंठ्यांत तारेचं कुंपण आहे आणि माझ्या नावाची पाटी. मी ओशाळून म्हणालो, "तात्या, माझ्याकडे काय आहे लावायला? उद्या शाळा सुटल्यावर तुमचंच उरलेलं लावू."

"त्ये लावूच," तात्या म्हणाले. मग बांधावर बसून कुंपणांकडे बघत राहिले. "पन सर, फुडल्या साली कायतरी लावा. लावणीला आमालाबी कुनाच्यात तरी जायाचं हाय."