चांदेकरभाऊ आणि कॉलनीचा गंज

आमच्या समता कॉलनीत कोणाचं फावडं दिसेनासं झालं तर चोरीचा संशय कोणी घेत नसे. सरळ चांदेकरभाऊंच्या व्हरांड्यात जाऊन पाहायचं. तिथे ते धुऊन, पुसून, तेल पिऊन भिंतीला टेकलेलं असायचं, आणि शेजारी भाऊ दुसऱ्याच कोणाची तरी कात्री मांडीवर घेऊन बसलेले. न विचारता का नेलं, असं म्हणायची सोय नव्हती. "विचारत बसलो असतो तर तुमच्या फावड्याले भोक पडलं असतं," एवढंच उत्तर मिळे.

भाऊ रेल्वेतून रिटायर झालेले. स्वतःची बाग म्हणाल तर एक तुळस. पण लोकांच्या औजारांवरचा गंज त्यांना फाटकाबाहेरून दिसायचा. आमचं हे हिंदी मुलखातलं शहर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हाची गोष्ट. एका नव्या मंत्र्याच्या बंगल्यासमोर माळी कुंपण छाटत होता. भाऊंनी सायकल थांबवली, त्याच्या हातून कात्री घेतली आणि पाती उघडून पहाऱ्यावरच्या शिपायाला दाखवली. "देखो भैया, ये काट नहीं रही, नोच रही है." शिपाई काय म्हणाला ते भाऊंनी कधी सांगितलं नाही. पुढे सायकलवर भाऊ आणि कात्री, मागे धावणारा माळी, एवढं मी स्वतः पाहिलं.

त्यांची पद्धत ठरलेली. रॉकेलने गंज सोडवायचा, कानशीने धार काढायची, दांड्याला जवसाचं तेल चोळायचं, आणि शेवटी पातं रेतीच्या बादलीत खुपसायचं. त्या रेतीत गाडीचं जळकं ऑइल कालवलेलं असे. काम झाल्यावर रोज असं खुपसलं की गंज चढतच नाही म्हणे. मग अशी बादली आम्हीच घरी ठेवली तर, असं मी एकदा विचारलं. भाऊ बराच वेळ कानस पुसत राहिले. "तुमच्याच्यानं होणार नाही ते," म्हणाले.

मी दुपारी झोपणारी बाई नाही. पण त्यांच्या व्हरांड्यात खुरपी न्यायला गेले की डोळे जड व्हायचे. पेरूची सावली फरशीवर हलत असायची, तेलाचा वास, कानशीचा एकसुरी आवाज, आणि त्याच लयीत भाऊंचं बोलणं. "आपण जमीन वरून पायतो वहिनी. खुरपी आतून पायते. तिले काय काय दिसत असन." खुरपीला काही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी घरी जाताना ती मी जरा हळू धरत असे.

त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. तो नातू आता शाळेत जातो. "तिकडची हवा मानवली तिले," असं भाऊ सांगत, आणि चहा टाकायला उठत. औजार न्यायला आलेल्या माणसाला चहाशिवाय सोडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. औजार मात्र ते कधीच घरपोच देत नसत.

हरेली हा खरा इथल्या शेतकऱ्यांचा सण, पण भाऊंनी तो आपला करून घेतला होता. त्या दिवशी औजारं धुऊन अंगणात मुरूम पसरून त्यावर मांडायची, पूजा करायची, गुळाचा चिला, म्हणजे गोड धिरडं, नैवेद्याला दाखवायचा. त्या दिवशी मातीला लोखंड लावायचं नाही. सगळ्या कॉलनीची फावडी, कुदळी, कात्र्या भाऊंच्या अंगणात आराम करायच्या, आणि संध्याकाळी आपापलं औजार न्यायला आलेले लोक चिले खात रेंगाळायचे.

मग जमिनीचे भाव चढले. बंगल्यांच्या जागी मजले आले, बागांच्या जागी गाड्या. आमच्याही अंगणात फरशी बसली. निर्णय माझाच होता आणि तो योग्यच होता.

गेल्या हरेलीच्या आठवडाभर आधी भाऊ रिकामी पिशवी घेऊन दारोदार फिरले. नव्या फ्लॅटमधली पोट्टी, मराठी घरचीच, त्यांना हिंदीत सांगत होती, "अंकल, माली अपना सामान खुद लाता है." शेवटी आमच्या फाटकाशी थांबले. पिशवी तशीच रिकामी. "तुमच्याकडे काही?" शोधते म्हटलं. शोधण्यासारखं काही नव्हतं. फरशी बसली तेव्हाच सगळं मी माळ्याला देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोल बाजारातून एक खुरपी आणली. चकचकीत नवी. तशीच नेली असती तर भाऊंनी हातही लावला नसता. म्हणून ती मिठाच्या पाण्यात बुडवून काढली आणि गच्चीवर टाकून दिली. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत ती छान लाल झाली.

मी व्हरांड्यात गेले तेव्हा अंगणात मुरूम पसरलेला होता, त्यावर काहीच नव्हतं. भाऊंनी खुरपी उलटसुलट पाहिली. बोट फिरवलं, ते जिभेला लावलं. मी गच्ची गळते, पाऊस फार, असं काहीबाही सांगू लागले. त्यांनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं.

"बसा वहिनी. टाइम लागन."

आत जाऊन त्यांनी चहा गॅसवर ठेवला. परत येऊन रॉकेलचा बोळा पात्यावर घासत राहिले. मग मान वर न करता भाऊ म्हणाले, "पुढच्या बारी मीठ कमी टाकजा. लोखंड खाऊन टाकते ते."

मी मान हलवून "हव" म्हटलं, आणि चहा उकळायची वाट पाहत बसले.