लाल रकान्याची मोहीम, अर्थात सांगानेरच्या ओल्या चादरींची हकीकत

राजमान्य राजश्री समस्त अहवाल लिहिणार, लिहविणार आणि न वाचता पुढे धाडणार यांचे सेवेसी, आज्ञाधारक बखरनवीस याचा दंडवत. विनंती विशेष. थोरांच्या लढाया पुष्कळ लिहिल्या गेल्या, कोणी गड घेतला, कोणी तळ लुटला, हे पोरेसोरेही जाणतात. परंतु दर गुरुवारी सायंकाळी प्रोजेक्टचा हाल लिहून हुजुरात रुजू करण्याची जी लढाई घरोघरची तरणी मंडळी लढतात आणि जिच्यात रक्ताऐवजी चहा सांडतो, तिची हकीकत कोणी लिहिली नाही. हा अन्याय सोसवेना, म्हणोन लेखणी उचलली. यात पदरचे एक अक्षर घातले नाही, ऐसे सर्व बखरनवीस लिहितात, तसे आम्हीही लिहितो.

तर जयपूर शहरी, आदर्श नगरात, पवनजी साहेब यांची दौलत नांदत होती. छापील चादरी करवून दर्यापार फिरंग्यांस धाडणे हा दौलतीचा उद्योग, आणि चादरी छापण्याचा कारखाना सांगानेरास. तेथील मुख्य गोपीनाथजी, पिढीजाद छिपे, म्हणजे हाताने कापड छापणारे. लाकडी ठसा उचलून कापडावर ऐसा मारीत की रेघेस रेघ मिळे आणि बघणाराने श्वास धरावा. आदर्श नगर आणि सांगानेर या दोन ठाण्यांमधील दळणवळण मयूरीबाईंच्या शिरी होते. हुद्दा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे काम दुसऱ्याने करावे, उशीर तिसऱ्याने करावा आणि बोलणी आपण खावी. मयूरीबाईंचे तीर्थरूप जनार्दनराव मूळचे भुसावळकडील, रेल्वेत गार्ड, बदलीने जयपुरास आले ते येथेच रमले. सरकारने अलीकडे गार्डास ट्रेन मॅनेजर हा किताब बहाल केला आहे, परंतु घरात ते गार्डच राहिले. कन्या येथेच वाढली, सबब तिच्या मराठीत हिंदीचे खडे दाताखाली येत, आणि मातुश्री कलावतीबाई ते निमूट वेचीत.

आता अहवालाचा कायदा ऐसा. प्रत्येक प्रोजेक्टापुढे एक रकाना, आणि त्यात तीन रंगांपैकी एक भरावा. हिरवा म्हणजे सर्व क्षेम, पिवळा म्हणजे किंचित चिंता, आणि लाल म्हणजे घात. पवनजी साहेबांचे फर्मान होते की ज्याचा रकाना हिरवा त्यानेच रजा मागावी, आणि ज्याचा लाल त्याने मीटिंगीस हजर व्हावे, जेथे चहा समोर ठेवीत परंतु पिण्याची हिंमत कोणास होत नसे. या फर्मानाचा परिणाम जो व्हायचा तो जाहला. दौलतीतले सारे प्रोजेक्ट हिरवे झाले. जे सुरू नव्हते तेही हिरवे, जे बंद पडले तेही हिरवे. हिरव्यापुढचा मजकूर वाचण्याचे साहेबांस कारण उरले नाही, आणि एका शूराने कामाच्या रकान्यात चुकून घरचा किराणा चिकटवला, तोही मंजूर होऊन आला. मागील आठवड्याचा अहवाल घ्यावा, तारीख बदलावी, पुढे ढकलावा, याचेच नाव प्रगती. बखरनवीसास याचा राग येतो, परंतु त्यानेही पोटासाठी तेच केले आहे, तेव्हा राग गिळून पुढे लिहितो.

शिवाय त्या मुलखाची एक रीत सांगणे जरूर. सांगानेरातील भला माणूस, विशेषेकरून लेकीसारख्या पोरीने विचारले असता, तोंडावर नकार देत नाही. तो उद्धटपणा होय. मयूरीबाईंनी फोनवर पुसावे की चादरी झाल्या का, आणि गोपीनाथजींनी प्रेमाने सांगावे, "हो गया समझो, बेटी." त्यात कपट नव्हते, माया होती. मग मयूरीबाईंनी ती माया नव्वद टक्के म्हणोन नोंदवावी, आणि पवनजी साहेबांनी नव्वद पाहून फिरंग्यास लिहावे की माल निघालाच म्हणा. ऐशा रीतीने कापडाचा एक धागाही सुकला नसता चादरी सांगानेराहून दर्यापर्यंत पोहोचल्या, केवळ शिष्टाचाराच्या बळावर.

इतक्यात श्रावण आला आणि त्यासोबत जनार्दनरावांच्या चाकरीचा अखेरचा शुक्रवारही आला. रेल्वेतील रिवाज असा की गार्डाची शेवटची गाडी फलाटास लागते तेव्हा घरची माणसे हार घेऊन उभी राहतात, सोबती ढोल आणतात, आणि जन्मभर जो सर्वांच्या मागे, शेवटच्या डब्यात उभा राहिला, तो त्या एका दिवशी सर्वांच्या पुढे येतो. जनार्दनरावांनी तोंडाने कधी म्हटले नाही, परंतु आपण उतरू तेव्हा पोर समोर असावी, इतकी एकच आस त्यांनी धरली होती. पोरीच्या शाळेच्या साऱ्या गॅदरिंगांना ते गाडीवर होते, ही सल दोघांसही होती. म्हणोन मयूरीबाईंनी शुक्रवारची रजा मागितली, आणि हुजुरातून मंजुरी आली, रकाना हिरवा राहील या अटीवर.

गुरुवारी खबर आली की फिरंगी उतावीळ जाहला असून उद्या दुपारी ट्रक सांगानेरास जाईल आणि चादरी उचलील. मयूरीबाईंस काय वाटले न कळे, नव्वदाचे शंभर जाहले का, हे डोळ्यांनी पाहावे म्हणोन त्या बसने सांगानेरास गेल्या. पाहतात तो दोऱ्यांवर चादरीच चादरी लोंबत आहेत, आभाळ पोट धरून बसले आहे, आणि ऊन म्हणून कुठे नाही. एका चादरीस हात लावला. ओली. दुसरीस लावला. तीही ओली. ओल्या चादरी घड्या करून ट्रकात भरल्या तर एकीचा रंग दुसरीस लागावा, सारा माल नासावा, आणि दोष गोपीनाथजींच्या छपाईवर यावा, हे शेंबड्या पोरासही कळते. गोपीनाथजी मात्र खाली मान घालून म्हणाले, "हो जाएगा, बेटी." हो जाएगा म्हणजे काय, हे मयूरीबाईंस त्या दिवशी प्रथम कळले.

सायंकाळी रेल्वे कॉलनीतील क्वार्टरात खासी मसलत बसली. मसलतीस वरणभात होता. सरहद्दीवर दोन फौजा उभ्या राहाव्यात तसे दोन विचार मयूरीबाईंच्या मनी उभे ठाकले होते. रकाना हिरवा ठेवावा तर रजा वाचते आणि चादरी नासतात, लाल करावा तर चादरी वाचतात आणि बापाची गाडी चुकते.

"पप्पा, मतलब, सगळेच ग्रीन टाकतात ना. मी एकटीने रेड टाकला तर मी एकटीच निकम्मी दिसेन," मयूरीबाई म्हणाल्या.

जनार्दनरावांनी भात कालवता कालवता विचारले, "कापड ओलं आहे का?"

"हो."

"मग झालं. अगं, लाल झेंडी दाखवून मी किती गाड्या थांबवल्या. ड्रायव्हर वैतागतो, कंट्रोल ओरडतं, पण कोणी माझी नोकरी नाही घेतली. हिरवी दाखवून घात झाला असता तर घेतली असती." आणि ताटाकडे पाहत म्हणाले, "उद्याचं मनावर घेऊ नकोस. मी काय, गाडी आली की उतरेन. तू नसलीस तरी उतरेनच ना."

हे शेवटचे वाक्य ऐकून मयूरीबाईंस रडू फुटले, आणि कलावतीबाईंनी दोघांच्या पानात न विचारता तूप वाढले व म्हटले, "ओल्याला ओलं म्हणायला इतकी रडारड. लिही आणि जेव."

मग जेवणे उरकोन मयूरीबाईंनी लॅपटॉप उघडला आणि इष्टदेवतेचे स्मरण करोन रकान्यावर लाल रंग चढविला. खाली लिहिले की चादरी छापून तयार, परंतु ओल्या आहेत, ट्रक पाठवू नये, नव्वद टक्के हा आकडा आम्ही ऐकीव मायेवरून लिहीत होतो, तो चुकीचा होता. आणि बटण दाबले. दौलतीच्या इतिहासात लाल रंग प्रथमच दिसला. कोणी म्हणे दफ्तरातले अहवाल छापणारे यंत्र बिघडले, कोणी म्हणे पोरगी नोकरी सोडते आहे. पवनजी साहेब समोशाचा घास हाती घेऊन स्तब्ध जाहले, आणि लाल असल्याकारणे त्यांनी मजकूर वाचला, आणि वाचता वाचता खालपर्यंत गेले. लागलीच फर्मान सुटले की ट्रक रोखावा, शुक्रवारची रजा रद्द समजावी, मयूरीने सांगानेरास ठाण मांडावे आणि कापड वाळेतो दर तासास हाल कळवावा.

येणेप्रमाणे शुक्रवारी प्रातःकाळी मयूरीबाई दोऱ्यांखाली मोडा, म्हणजे वेताचे बैठे आसन, टाकून बसल्या आणि दर तासास लिहू लागल्या. रंग लाल. कापड ओले. मग पुन्हा, रंग लाल, कापड ओले. कापडाकडे पाहत राहिल्याने ते लवकर वाळते ऐसा सिद्धांत थोर दौलतींत रूढ आहे, त्याची प्रचीती काही आली नाही. दुपार कलू लागली तशी मयूरीबाईंची नजर कापडावरून घड्याळाकडे आणि घड्याळावरून फाटकाकडे जाऊ लागली. गोपीनाथजींनी ते पाहिले, कारण विचारले, आणि शेवटच्या गाडीची कथा ऐकून हातचा ठसा खाली ठेवला.

"तू जा. कपड़ा मैं देखूँगा," ते म्हणाले.

"आणि रिपोर्ट? साहेबांना काय लिहू?" मयूरीबाईंनी हिंदीतून पुसले.

गोपीनाथजींनी चादर मुठीत दाबली, अंमळ विचार केला, जणू तोंडास नवखा पदार्थ लावावयाचा आहे, आणि मग म्हणाले, "फ़ोन करना. गीला होगा तो गीला बोलूँगा. हो जाएगा नहीं बोलूँगा."

ही शपथ त्या मुलखात लहान समजू नये. मयूरीबाईंनी वाकून नमस्कार केला आणि ऑटोत उडी घातली. टोंक रस्त्यावर गर्दीची फौज दुतर्फा पसरली होती, ई-रिक्षांनी मोर्चे बांधले होते, एक गाय मधोमध तह करण्यास बसली होती. ऑटोवाल्याने गल्लीबोळांतून घोडे घातले, दोन ठिकाणी फूटपाथ काबीज केला, आणि सिग्नलास उभे राहता मयूरीबाईंनी फोन लावला. "गीला है, बेटी," पलीकडून आवाज आला, आणि त्यात कसूर नव्हती.

जयपूर स्टेशनात शिरल्या तेव्हा फलाटावर ढोल वाजत होता. कलावतीबाई हार घेऊन उभ्या होत्या, आणि गाडी दूर वळणावर दिसत होती. नेमका तोच तासाच्या अहवालाचा मुहूर्त. येथे मयूरीबाईंस जुनी बुद्धी आठवली की रंग लाल, कापड ओले, इतके लिहून मोकळे व्हावे, साहेबास वाटेल पोर मोड्यावर बसली आहे. परंतु कालच्या लालाने हातास वळण लागले होते. जो अहवाल त्यांनी फलाटावर उभ्याने लिहिला त्याचा तर्जुमा येणेप्रमाणे. रंग लाल. कापड ओले, गोपीनाथजींनी आत्ताच हात लावून पाहिले. मी सांगानेरात नाही. जयपूर स्टेशनावर आहे. वडिलांची शेवटची गाडी येते आहे. कापड माझ्यावाचूनही वाळेल, पण ही गाडी पुन्हा येणार नाही.

धाडला, आणि आता नोकरी गेली ऐसे समजून फोन पर्समध्ये टाकला. इकडे गाडी फलाटास लागली, डबे एकामागून एक समोरून गेले, आणि अखेरच्या डब्यातून जनार्दनराव उतरले. सोबत्यांनी गळा हारांनी भरला. ते हारांतून मान उंच करोन कोणास तरी शोधीत होते. मयूरीबाई पुढे जाहल्या तो त्यांनी प्रथम नजर फिरवली, कारण डोळे भरले होते आणि सोबत्यांदेखत ते दाखवणे त्यांस मंजूर नव्हते.

"वाळली का गं कापडं?" त्यांनी विचारले.

"नाही, पप्पा. गीलीच आहेत. पण मी आले," मयूरीबाई म्हणाल्या, आणि हारांसकट त्यांस मिठी मारली. जयपूर मुक्कामी इतके सरळ उत्तर बापाने लेकीकडून पूर्वी ऐकले नव्हते.

पर्समध्ये फोन वाजला तो घरी गेल्यावर पाहिला. हुजुरातून आलेला जबाब अक्षरशः उतरून ठेवतो. "पढ़ लिया. एक-एक घंटे में क्या सूखेगा. अगली रिपोर्ट कल सुबह. पापाजी को मेरा प्रणाम कहना."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चादरी सोमवारच्या उन्हात वाळल्या, रंग पक्का राहिला, माल दर्यापार गेला, फिरंग्याने आठवडाभर कुरकुर केली आणि मग आणखी मागवल्या. दौलतीत पुढल्या गुरुवारी आणखी दोन रकाने लाल आले आणि एक पिवळा. शुक्रवारची रजा मंजूर जाहल्याचा कागद दफ्तरी कोठेही नाही, ती आजतागायत रद्दच आहे. लेक फलाटावर हजर होती, बापाने तीस पाहिले, इतके मात्र रुजू.