तीन दोष आणि जिराफाचा घसा

"मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" असं तपासनीस दर जेवणाला निदान एकदा तरी म्हणायचे, आणि त्यांची बायको दर वेळी शांतपणे विचारायची, "आणखी भात वाढू?"

वजनकाट्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणी केल्यावर माणसाचं असं होणारच. दिवसाला ऐंशीएक काटे त्यांच्या टेबलावर यायचे, आणि ते प्रत्येकाकडे असे रोखून बघायचे की त्या काट्यानं आपणहून गुन्हा कबूल करावा! सुई अडते, पट्टी वाकडी, तळ डुगडुगतो. तीन दोष सापडले की लाल चिठ्ठी डकवायची : 'नापास'. मग तो काटा पलीकडच्या टेबलावरच्या दुसऱ्या तपासनिसाकडे जायचा. भंगारात टाकण्याआधी दुसऱ्या हातानं, प्रमाणित वजन ठेवून एकदा खात्री करायची, अशी कारखान्याची पद्धत होती. आपल्या तपासनिसांना मात्र ही पद्धत म्हणजे स्वतःचा जाहीर अपमान वाटायची.

गेल्या महिन्यात कारखान्यात फसव्या ईमेलवर व्याख्यान झालं. व्याख्यानाला आलेल्या बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं : नाव न घालता लिहिलेलं पत्र, उगाच केलेली घाई आणि 'इथे दाबा' म्हणणारं बटण. "आणि लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "फसवणारा तुमच्या मनात जे असतं, नेमकं तेच लिहितो. शंका आली तर तुमच्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा." हे शेवटचं वाक्य चाललं होतं तेव्हा तपासनीस शेजारच्याला आधीची लक्षणं समजावून सांगण्यात गर्क होते.

झालं! त्या दिवसापासून घरात आलेला प्रत्येक ईमेल छापला जाऊ लागला आणि त्यावर कारखान्यातून आणलेली लाल चिठ्ठी डकवली जाऊ लागली. दाताच्या डॉक्टरांनी पाठवलेली तारखेची आठवण नापास. ग्रंथालयाची सूचना नापास. एवढंच काय, मेव्हणीनं पाठवलेले सहलीचे फोटोही नापास!

"अहो, माझी सख्खी बहीण आहे ती!"

"तिच्या नावानं कुणीही पाठवेल."

"फोटोत तुम्ही स्वतः आहात की!"

"तेच म्हणतोय मी! माझा फोटो त्यांच्या हाती लागलाच कसा?"

बायकोनं पुढे काही विचारलं नाही. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

ती कापडी प्राणी शिवायची. गेली अकरा वर्षं जुन्या चादरी, विटलेले पडदे, उसवलेले शर्ट यांतून तिनं हत्ती, अस्वलं आणि मांजरं उभी केली होती. घरात बसायला खुर्ची हवी असेल तर आधी कुणाला तरी उचलून ठेवावं लागे. सगळ्यांत देखणा होता तो जिराफ. तपासनिसांच्या तीन तपकिरी पँटी त्याच्या कामी आल्या होत्या, आणि उभा केला की त्याची शिंगं दाराच्या चौकटीला टेकत. पण ही कला आजवर पाहिली कुणी? घरच्यांनी आणि मीटर बघायला येणाऱ्या माणसानं. त्यातही मीटरवाला पहिल्या वेळी किंचाळला होता.

तीन महिन्यांपूर्वी तिनं धीर करून शहरातल्या खेळण्यांच्या प्रदर्शनासाठी अर्ज भरला. स्वतःचा ईमेल नव्हता, म्हणून नवऱ्याचा पत्ता दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती सहज विचारल्यासारखं विचारायची, "आलं का हो काही?"

"काही नाही. सगळा कचरा."

"बरं," म्हणून ती सुईत दोरा ओवायची. तिचं ते 'बरं' दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. तपासनिसांना ते कळत होतं, आणि त्यांचा जीव तुटत होता. संशयी असला तरी माणूस वाईट नव्हता हो!

आणि सोमवारी तो ईमेल आला.

'महोदया, आपल्या कापडी प्राण्यांची प्रदर्शनासाठी निवड झाली आहे. हार्दिक अभिनंदन! जागा मर्यादित असल्याने गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत खालचं बटण दाबून होकार कळवावा. न कळवल्यास जागा पुढच्या अर्जदारास देण्यात येईल. – संयोजिका.'

तपासनिसांनी चष्मा पुसला. नाव? नाही! घाई? आहे! बटण? आहे, तेही हिरवंगार! आणि बायकोच्या मनात तीन महिने जे होतं, शब्दन् शब्द तेच लिहिलेलं!

"चोरांना घरातली खबरसुद्धा लागली," ते पुटपुटले आणि त्यांना खरोखर संताप आला. स्वतःला फसवायला आले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्या बिचारीच्या आशेशी खेळायचं? तिला हे कळूही द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि नुसतं नापास करूनही भागणार नव्हतं. ह्या 'संयोजिके'ची जिरवायलाच हवी होती.

त्यांनी उत्तर लिहिलं : 'बाईसाहेब, निवडीबद्दल आभार. पण आमच्या जिराफाला घसा धरला आहे. घसा सहा फूट असल्यामुळे उतरायला वर्षभर लागेल. तोवर थांबाल काय?'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'आपला विनोद आवडला. मात्र होकार बटण दाबूनच कळवावा, ही विनंती.'

"बघा, बघा! बटणावरून हलायला तयार नाही!" तपासनीस जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवू लागले. टेबलाभोवती गर्दी जमली. माणसं हसून हसून बेजार झाली, तसा तपासनिसांनाही चेव चढला.

'बटण दाबायला आमचं अस्वल बसवलं होतं, पण त्याला झोप लागली. आपण आजचं वर्तमानपत्र हातात धरून स्वतःचा फोटो पाठवावा, म्हणजे ते उठेल. ता. क. आमचा हत्ती पोलिसात आहे. आपला पत्ता त्याला दिला आहे.'

बुधवारी दुपारी उत्तर आलं : 'आपण धमकी देत आहात काय? एका कलाकार बाईंच्या नावावर हा काय प्रकार चालला आहे? आपल्याशी यापुढे पत्रव्यवहार होणार नाही.'

"पोलीस म्हटल्याबरोबर तंतरली!" तपासनिसांनी मिशीवरून बोट फिरवलं. कारखान्यात टाळ्या पडल्या.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. दुपारचा चहा घेता घेता त्यांना राहवेना. चोर पळाला, आता बायकोला सांगायला काय हरकत आहे? त्यांनी लाल चिठ्ठी डकवलेले ते सगळे कागद काढले आणि शेवटून पहिल्याकडे वाचायला लागले.

अस्वलाला झोप लागल्यावर ती हसली. हत्ती पोलिसात म्हटल्यावर तिला ठसका लागला. जिराफाच्या घशाला तर डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, पुरे! पण हे लिहिलंत तरी कुणाला?"

"होती एक ठग बाई. म्हणे तुझे प्राणी प्रदर्शनात निवडले!"

हसू थांबलं. तिनं हात पुढे करून पहिला कागद घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला.

"हे सोमवारी आलं होतं?" आवाज इतका हळू होता, की तपासनिसांना ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

"अगं, पण तीन दोष होते! मी स्वतः तपासलं!"

"आणि दुसऱ्या हातानं कुणी तपासलं?"

बावीस वर्षांत एकही काटा त्यांनी असा भंगारात टाकला नव्हता.

बायकोनं शिवणाचा डबा उपडा केला. रिळांच्या खालून अर्जाची गुलाबी पावती निघाली. त्यावर छापील नंबर होता. तिनं फोन लावला. लागत नव्हता! पुन्हा लावला. लागेना! घड्याळात साडेतीन झाले होते.

"थांब, मी लिहितो!" तपासनीस संगणकावर तुटून पडले. 'आदरणीय महोदया! अत्यंत तातडीचं!! आपण थोर आहात! कृपया सोबत जोडलेले फोटो ताबडतोब उघडून बघा! पाच वाजायच्या आत!!!' पाठवून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचलं. हात सवयीनं लाल चिठ्ठ्यांकडे गेला.

मिनिटभरात उत्तर आलं : 'आपला पत्ता फसव्या पत्त्यांच्या यादीत टाकण्यात आला आहे.'

"जिराफ उचला!" बायको म्हणाली. तिच्या पायांत चपला होत्या आणि काखेत हत्ती.

बसमध्ये जिराफाची मान खिडकीबाहेर काढावी लागली. तपासनिसांनी त्याच्या मागच्या पायांना मिठी मारली होती. दर सिग्नलला लोक मानेकडे बघून हात हलवत होते. तपासनिसांनी दोनदा "अगं" म्हणून पाहिलं. तिनं हत्तीचा कान सरळ केला.

पाचला दहा कमी असताना ते सभागृहापाशी उतरले. दारातल्या पहारेकऱ्यानं त्यांना पाहिलं मात्र, तो मागे वळून ओरडला, "बाई! तो जिराफवाला आला!"

आतून संयोजिका धावत आल्या. त्यांच्या मागं भिंतीवर फलक होता. 'फसव्या ईमेलचा ताजा नमुना' असं मथळ्यात लिहून खाली तपासनिसांचंच पत्र लावलं होतं. नाव नाही, घाई, 'उघडून बघा' : तिन्ही ठिकाणी लाल रेघा. तपासनिसांनी सवयीनं रेघा तपासल्या. एकही चुकलेली नव्हती.

बायकोनं मात्र कुणाकडेही न बघता गुलाबी पावती पुढे केली. संयोजिकांनी वही काढली, पावतीचा क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडला, अर्जावरची सही नव्यानं करून घेतली आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. कशी छान, शिस्तशीर तपासणी! मग त्यांनी वर पाहिलं. जिराफ त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत होता.

"हा तुम्ही शिवलाय?" त्यांनी जिराफाच्या मानेवरून हात फिरवला. "अहो, दाराशीच उभा करू या याला! पाच वाजले की तुमची जागा दुसऱ्यांना देणार होते मी. थोडक्यात वाचलात."

बायकोनं दोनदा मान हलवली, आणि डोळे हत्तीच्या पाठीला पुसले. तपासनिसांनाही भरून आलं. आता सगळं ठीक झालं, असं समजून ते जिराफामागोमाग आत शिरायला निघाले.

पहारेकऱ्याचा हात आडवा आला.

"हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?" संयोजिकांनी विचारलं.

बायको थांबली. तिनं नवऱ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. घाईत शर्टाची बटणं वरखाली लागलेली, कपाळावर घाम, चेहऱ्यावर केविलवाणं हसू.

"तीन दोष तर दिसताहेत," ती म्हणाली. "बाहेर बसवून ठेवा. दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून घेते, मग सांगते."

सात वाजता मेव्हणी येऊन ओळख पटवेपर्यंत तपासनीस बाहेरच्या बाकावर बसून होते. आल्या आल्या ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "चेहरा ओळखीचा वाटतोय. पण फोटोवर काय विश्वास ठेवायचा?"