व्यंकण्णाच्या मागावरचं इंग्रजी

इंग्रजीच्या मास्तरावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही छडी, कोट आणि नाकावरचा चष्मा शोधायला लागला असाल. शोधा खुशाल. आमचा मास्तर बनियनवर असायचा, खड्ड्यात पाय सोडून, हातमागावर बसलेला.

व्यंकण्णा भवानी पेठेत आमच्या शेजारी लुगडी विणायचा. घरात तेलुगू, दारात मराठी आणि मागावर इंग्रजी. शब्द दिसला की त्याचे तुकडे! पायाखालची फळी दाबली की एक तुकडा, धोटा फेकला की एक धागा. ‘रिस-पॉन-सि-बि-लि-टी’ म्हटलं की लुगडं सहा धागे पुढं.

"छोटे शब्द परवडत न्हाईत बाबू," म्हणायचा.

शिकवणंही तसलंच. शब्दाच्या आधी जोडतात तो काठ, शेवटी लावतात तो पदर, मधलं ते अंग. "अनब्रेकेबल! काठ कंचा? अन. पदर? एबल. मग अंगात काय उरलं? ब्रेक! एवढ्याला भ्यायचं व्हय?"

माझ्या काकांना गिरणीतल्या डॉक्टरनं ‘अनफिट’ ठरवलं. काका तोंड पाडून बसले. व्यंकण्णा आला, चहा प्याला, म्हणाला, "काका, काठ तेवढा खराब हाय. उसवून टाकू की. अंग लई चांगलं हाय." काका परत तपासणीला गेले. परत अनफिट झाले, पण हसत आले.

आता असला माणूस शेजारी असल्यावर मी सोडतोय होय? पेठेतल्या झाडून सगळ्यांच्या नकला करायचो मी. गणपतीत आरती झाली आणि मी स्टुलावर बसून व्यंकण्णा काढला. पाय आपटले, मान डोलवली, "रिस-पॉन-सि-बि-लि-टी!" लोक लोळले. खुद्द व्यंकण्णा हसला. त्याची मुलगी पद्मा मात्र उठून गेली. पद्मा मॅट्रिकपर्यंत माझ्याच वर्गात होती. कधी कुणाशी बोलायची नाही. आम्ही तिला शिष्ट म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यंकण्णानं मला घरी बोलावलं. विणता विणताच बोलला, माझ्याकडं न बघता.

"माजी नक्कल रोज कर. पन ते तुकडे पोरीचे हायत. आख्खा शब्द तिच्या तोंडात अडकतो रे. तिसरीपासनं पायाच्या ठेक्यावर तुकडे करून देतोय. मला कुटलं इंग्रजी? उद्या ट्रेनिंग कॉलेजात तिची तोंडी परीक्षा हाय. मास्तरीण व्हायचंय तिला. मोठ्यानं धडा वाचायचाय. आन कालपासनं ती तोंडच उघडंना."

माफी मागायला मी उठलो. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच होत होतं.

तेवढ्यात पद्मा आतून आली, माझ्यासमोर उभी राहिली. ओठ हलले, आवाज नाही.

"चुकलं माझं," मी घाईघाईनं म्हणालो, "तू काही बोलू नकोस, मी—"

"ग... ग-गप!"

व्यंकण्णानं माग थांबवला. तिच्याकडं वळला नाही. धोटा हातात धरून पाठमोरा बसून राहिला.

"ला-लाज नाही व-वाटत? माझे नान्ना द-दिवसभर पाय म-मोडून घेतात माझ्यासाठी. आणि तू स्टु... स्टुलावर बसून द-दात काढतोस?"

मी मान खाली घातली. तिला वेळ लागत होता, आणि ती तो घेत होती. गाढव म्हणाली, माकड म्हणाली, माझ्या खानदानाची चौकशी केली. मग दम घेतला.

"आणि नक्कल करायचीच तर नीट कर. नान्नांचा डावा पाय आधी पडतो."