सबळ कारणाचा ससा

माणूस कारणाशिवाय लग्न करू शकतो, निवडणुकीलाही उभा राहू शकतो. बंदूक मात्र बाळगू शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वंडाबुल गावात पॉइंट टू-टू रायफलीच्या अर्जावर 'सबळ कारण' असा रकाना असतो. त्यात 'मजा येते' असं लिहिलं की अर्ज परत येतो. म्हणून गावातल्या एकोणीसही रायफलवाल्यांनी 'सशांचा उपद्रव' असं लिहिलं आहे. खोटं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

ही रायफल फार गुणी. काडतुसाच्या कडेवर हलकी टिचकी बसली की गोळी सुटते आणि मांडीवरचा चहा सांडत नाही. गेल्या वर्षी गावाने चार हजार सहाशे गोळ्या झाडल्या. त्यात बीन्सचे रिकामे डबे ठार ३,९१२, टपालपेटी एक (मालकाचीच), ससे शून्य. उरलेल्या गोळ्यांचा शोध चालू आहे.

मग सशांमध्ये साथ आली आणि जिल्ह्यात एकच ससा उरला, तोही क्लॅरी हॉस्किनच्या शेतात. क्लॅरी सत्तरीचा, आणि रायफल त्याच्या वडिलांची. परवान्याची मुदत संपत आली होती. ससा गेला असता तर रायफल सरकारजमा झाली असती. बिचाऱ्याची झोप उडाली. तो कोल्ह्यापासून सशाला राखू लागला, कोवळी पानं निवडून घालू लागला.

"चाळीस वर्षं संसार केला," त्याची बायको नोरीन म्हणाली, "मला कधी कोबी चिरून दिलास का रे?"

"तू गेलीस तर रायफल जात नाही गं," क्लॅरी कळवळून म्हणाला.

मंगळवारी तपासणीला हवालदारीणबाई आल्या. त्यांचं नाव प्रू टेनंट.

"काय गुबगुबीत आहे हो हा!"

"उपद्रवी आहे ना बाई, खातो फार."

"मग मारत का नाही? मारा की आत्ता. माझ्यासमोर."

क्लॅरीचा चेहरा पांढराफटक पडला. मारला तर कारण संपलं, न मारला तर कारण खोटं. ससा वीस पावलांवर पान चघळत, ओळखीच्या नजरेने बघत होता. क्लॅरीने नेम धरला. (वंडाबुलच्या नेमबाजी स्पर्धेचा सलग अकरा वर्षांचा विजेता.) दहा गोळ्या झाडल्या. कुंपणाचा खांब, बादली आणि नोरीनचा वाळत घातलेला झगा जायबंदी झाला. ससा दुसऱ्या पानाकडे वळला.

बाईंनी गंभीरपणे लिहिलं: 'उपद्रव आटोक्याबाहेर. परवाना पाच वर्षे वाढवावा. एक रायफल अपुरी, दुसरीची शिफारस.'

त्या संध्याकाळी क्लॅरी ओसरीवर बसून चक्क रडला, आनंदाने. आम्ही बाकीच्या अठरा जणांनी सशासाठी गाजरं पाठवली.

आता हसून झालं असेल, तर तुमच्या ऑफिसातली ती जुनी अडचण आठवा, जी सोडवण्यासाठी तुम्हाला नेमलं आहे. कशी आहे तिची तब्येत? जेवते ना वेळेवर?