मर्डो गेडिस पडायला उभा राहिला

न्यूझीलंडमधल्या रातावाई गावात पार्लमेंटची पोटनिवडणूक लागली, तेव्हा बेकरीवाल्या मर्डो गेडिसने मतदानाच्या गर्दीसाठी पोती भरून पीठ आणून ठेवलं. पण नावं सुचवायच्या दिवशी नाव आलं एकच. कॅप्टन थॉर्नबरी, फौजेतून निवृत्त, हजारो मेंढ्यांचे मालक.

"बिनविरोध म्हणजे मतदान नाही, आणि मतदान नाही म्हणजे गर्दी नाही," खाणावळवाला रँकिन मर्डोच्या कानाशी पुटपुटला. त्याच्याकडे बिअरची पिंपं येऊन पडली होती. "तू उभा राहा लेका. नुसतं पडायला."

"आणि पडलो नाही तर?"

"आरशात बघ एकदा."

मर्डोने बायकोकडे पाहिलं. इशबेल म्हणाली, "घरात तुम्हाला कोण विचारतं? मग गावात कोण विचारणार? राहा उभे."

सभेत कॅप्टनसाहेबांनी पूल दिला, रस्ता दिला, डॉक्टरही दिला. मर्डोची पाळी आली.

"मला यातलं काही जमणार नाही," तो म्हणाला. "कॅप्टनसाहेबांनाच मत द्या."

"पूल तरी बांधशील का?" एका शेतकऱ्याने विचारलं.

"माझा पाव फुगतो तेवढं पुष्कळ."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी खरं बोललं."

तिथून बिघडलं.

मतदान तेव्हा उघड असायचं. टेबलापुढे उभं राहून नाव घ्यायचं, की झालं मत. दुपारी डोंगराकडचे शेतकरी आले आणि एकामागून एक "गेडिस, गेडिस" म्हणू लागले. मर्डोला घाम फुटला. बेकरीला कुलूप लावून महिनोन्‌महिने वेलिंग्टनला पार्लमेंटात बसायचं? तो धावत टेबलाशी गेला आणि ओरडला, "थॉर्नबरी!"

"बघा, मन किती मोठं," बायाबापड्या हळहळल्या. ज्यांचं मत राहिलं होतं त्या नवऱ्यांना त्यांनी मर्डोचं नाव घ्यायला पिटाळलं.

संध्याकाळी दोघांची मतं सारखी झाली. मत द्यायचे राहिले होते फक्त कॅप्टनसाहेब. मर्डोने सुटकेचा निःश्वास सोडला. कोण स्वतःला मत देणार नाही?

"मर्डो गेडिस," कॅप्टनसाहेब खणखणीत आवाजात म्हणाले. साऱ्यांनी टोप्या काढल्या.

निकाल जाहीर झाल्यावर मर्डोने त्यांना गाठून रडवेल्या आवाजात विचारलं, "एवढा मोठेपणा कशाला दाखवलात साहेब?"

"मोठेपणा कसला?" कॅप्टनसाहेबांनी आपली बायको लांब आहे ना, ते पाहून घेतलं. "वेलिंग्टनच्या बोटीत मी धक्का सुटायच्या आधीच ओकतो. हिच्या हट्टापायी उभा होतो." त्यांनी मर्डोचा हात प्रेमाने दाबला. "जाताना पोटात काही ठेवू नका."